आटायचं तळं

आयर्लंडमध्ये केरीला राहायला गेलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि घरात कुणाशीही धड बोलत नव्हते. त्याआधी आम्ही डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला होतो. तिथे माझ्या मैत्रिणी होत्या, स्टेशन होतं, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी सात-आठ मराठी कुटुंबं जमून मिसळ खायची. बाबांना पश्चिमेला, खाडीकाठच्या एका औषधांच्या कारखान्यात वरची जागा मिळाली आणि आमचं बिऱ्हाड अशा एका घरात येऊन पडलं, की सर्वांत जवळचा शेजार गाईंचा. पुढे डोंगर, मागे कुरणं, कुरणांपलीकडे वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. आलेले पाहुणे ‘काय नशीबवान आहात’ म्हणायचे आणि मी जिन्यात बसून त्यांच्याकडे रागाने बघायचे. आज त्या जिन्यातल्या पोरीला एक टप्पल मारावीशी वाटते, पण तेव्हा मला तिचं म्हणणं सोळा आणे पटलेलं होतं.

मग टाळेबंदी आली आणि सगळा देशच माझ्यासारखा घरात रुसून बसला. बाबा मात्र रोज पहाटे कारखान्यात जायचे, कारण गोळ्या बनवणं थांबवता येत नव्हतं. संध्याकाळी परत आले की ते गॅरेजमध्येच कपडे बदलायचे आणि आई त्यांना आंघोळ झाल्याशिवाय कशालाही हात लावू द्यायची नाही. आईचं ऑफिस वरच्या लहान खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर. तिच्या मीटिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली की ती धावत खाली येऊन गॅस बंद करायची आणि वर जाता जाता मला बजावायची, की वरण वाढायची वाटी प्रेसमध्ये आहे, फ्रीजमध्ये नाही. कपाटाला प्रेस म्हणणं तिने शेजारणींकडून उचललं होतं, आणि ते तिच्या तोंडी इतकं बसलं की पुढे पुण्याला गेल्यावरही ती तसंच म्हणायची. माझी शाळा जेवणाच्या टेबलावर, दुपारी एकपर्यंत. या सगळ्या गलक्यात एका माणसाचा आवाज मात्र दिवसेंदिवस कमी होत चालला होता. ते म्हणजे तात्या, माझ्या बाबांचे वडील.

तात्या आमच्याकडे सहा आठवड्यांसाठी आले होते. येताना आठ किलो बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि लोखंडी तवा घेऊन आले, कारण तिकडे धड तवा मिळणार नाही याची त्यांना खात्री होती. त्यांचं विमान एकदा रद्द झालं, मग दुसऱ्यांदा, मग आम्ही तिकिटाचं नाव काढणं सोडून दिलं. तात्या माणदेशातले. साताऱ्याच्या पूर्वेचा तो कोरडा टापू, जिथे ढग येतात, बघतात आणि पुढे जातात. रोजगार हमीच्या कामावर ते मुकादम होते. पाझर तलाव, नालाबंडिंग, डोंगरउतारावरचे चर, असं पाणी अडवण्यात त्यांनी पस्तीस वर्षं घालवली. फेब्रुवारीत आल्या आल्या त्यांनी खिडकीतून आमच्या रस्त्याकडेचा भरून वाहणारा ओढा पाहिला आणि बाबांना विचारलं, “ह्ये पानी जातंय कुटं?” समुद्रात, असं बाबा म्हणाले. तात्या पुन्हा ओढ्याकडे वळले आणि म्हणाले, “आनि कुनी आडवत न्हाई?” त्यांच्या दृष्टीने हा देश चांगला होता, माणसं चांगली होती, पण मुकादम कुणी नव्हता.

सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पाऊलसुद्धा टाकायचं नाही असं सरकारने सांगितलं तेव्हा तात्या चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. तिथे त्याला कोकूनिंग, म्हणजे कोशात राहणं, म्हणायचे. बाबांनी ते पत्रक मराठीत वाचून दाखवलं. तात्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणात फेऱ्या मारायला सुरुवात केली. फेऱ्या संपल्या की ओट्यापाशी. बाजरीचं पीठ पुरवून वापरायचं म्हणून त्यांनी ओट्सचं पीठ ताकात कालवून आंबील करायची युक्ती काढली. आयर्लंडमध्ये पाव करायला म्हणून दुकानात ताकाचे मोठे खोके मिळतात, आणि हे ताक तात्यांना मनापासून आवडलं होतं. जिरं, लसूण आणि तिखट घालून केलेली ती आंबील मी आजही करते, आणि माझ्या घरचे आजही नाकं मुरडतात. पण एप्रिल उजाडता उजाडता तात्यांनी आंबील करणंही सोडलं. ते खिडकीशी बसायचे आणि काही विचारलं तर मानेने उत्तर द्यायचे. आई रात्री बाबांना म्हणाली, की म्हातारा माणूस असा आतल्या आत विझत जातो, तू काहीतरी कर. बाबा काय करणार होते? विमानं त्यांच्या हातात नव्हती.

डॉनल आमच्या आयुष्यात आला तो एका ताटलीमुळे. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर त्याचं शेत. वय एकोणऐंशी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, छाती कमजोर, त्यामुळे तोही घरात कोंडलेला. त्याची गुरं पुतण्या बघायचा. आईने त्याला बेसनाचे लाडू पाठवले. ताटली फाटकाशी ठेवायची, हाक मारायची आणि लांब उभं राहायचं, असा रिवाज. दोन दिवसांनी त्याच ताटलीतून सोडा ब्रेड, म्हणजे ताकातला पाव, परत आला, आणि रिकामं भांडं न पाठवणारा माणूस म्हटल्यावर तात्यांच्या मनात त्याच्याविषयी एकदम आदर उत्पन्न झाला. मी त्याला डॉनल म्हणायचे, कारण तो स्वतःच तसं म्हण म्हणाला. बाबांच्या कानाला ते खटकायचं. ते म्हणायचे, निदान आमच्यासमोर तरी डॉनलकाका म्हण.

एके दिवशी डॉनलने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला एक काम सांगितलं. वाळूच्या टेकड्यांच्या अलीकडे त्याच्या कुरणात दोन उथळ तळी होती, एक वरचं आणि एक खालचं. काही वर्षांपूर्वी वन्यजीव खात्याच्या सांगण्यावरून त्याने ती खणून घेतली होती, काळ्या बेडकांसाठी. काळा बेडूक हे तिकडच्या लोकांचं नाव. पुस्तकात त्याला नॅटरजॅक टोड म्हणतात. टोड म्हणजे जमिनीवर राहणारा, खरबरीत कातडीचा बेडूक. सगळ्या आयर्लंडात त्याची ही एवढी एकच जात, आणि तीही जवळजवळ सगळी केरीच्या याच किनाऱ्यावर. डॉनलच्या लहानपणी त्यांचा गोंगाट एवढा असायचा की त्याची आई खिडक्या लावून घ्यायची. मग कुरणांतलं पाणी काढून टाकलं गेलं, तळी बुजली आणि तो गोंगाट गेला. नवी तळी खणल्यावर तीन वर्षं काहीच आलं नाही. चौथ्या वर्षी अंड्यांचा एक सर दिसला. यंदा खिडकीतून त्याला पुन्हा आवाज ऐकू येत होता, आणि नेमका यंदाच तो घरात अडकला होता. तेव्हा रोज जाऊन बघून ये आणि मला सांग, असं तो म्हणाला. पुढे त्याने बोट वर करून बजावलं: नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, आणि पाण्याचं जे व्हायचं ते होऊ द्यायचं. मी हो म्हटलं. चौदाव्या वर्षी माणूस कशालाही हो म्हणतं, फक्त घराबाहेर पडायला मिळालं पाहिजे.

पहिला काळा बेडूक मला दिसला तो संध्याकाळी, जेवणं झाल्यावर. मेच्या आसपास तिकडे साडेनऊपर्यंत उजेड असतो. काळा नव्हताच तो. शेवाळी, अंगावर पुटकुळ्या, आणि डोक्यापासून शेपटीच्या जागेपर्यंत पाठीवर एक पिवळी रेघ. डोळे सोनेरी. मागचे पाय इतके आखूड की त्याला बेडकासारखी उडी मारताच येत नाही. तो उंदरासारखा तुरुतुरु पळतो. तळ्याच्या काठाला बसून त्याने गळा फुगवला आणि कुणी जुनं शिवणयंत्र भरधाव चालवावं तसा आवाज सुरू झाला. त्याला दुसऱ्याने साथ दिली, मग तिसऱ्याने. दिवसा हे महाशय वाळूत. मागच्या पायांनी वाळू उकरत मागे मागे जातात आणि वरची कोरडी वाळू अंगावर ओढून खालच्या ओलाव्यात पडून राहतात. अख्खा हिवाळा असाच, हातभर खोल, न खाता. वसंतात उबदार संध्याकाळ आली की वाळूतून वर यायचं आणि पाणी शोधायचं. अंडी पाण्यात एकेरी सराने सोडलेली असतात. मी फोनवर फोटो काढून आणला तेव्हा आईने स्वतःचं मंगळसूत्र पुढे धरून पाहिलं आणि म्हणाली, अगदी असंच.

तो फोटो तात्यांनीही पाहिला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. आमच्याकडं बी असतो एक मातीतला, म्हणाले. चर खणताना हातभर, दोन हात खाली कुदळीला मातीचं ढेकूळ लागायचं, आणि ते ढेकूळ डोळे उघडायचं. वर्ष-वर्ष पाऊस नाही आणि हा तिथे खाली जिवंत. असा बेडूक निघाला की तात्यांच्या कामावर कुदळ थांबायची. मुकादमाने स्वतः त्याला उचलून बांधाच्या सावलीला, ओल असेल तिथे न्यायचं आणि वर माती लोटायची, मग काम पुढे. कुणी ठरवलेला नियम नव्हता, पण तो मोडलेला त्यांनी पाहिला नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आंबील केली.

तेव्हापासून मी दोन म्हाताऱ्यांमधली टपालवाली झाले. तात्या विचारायचे, गुरं किती, पाऊस किती, विहीर हाय का. डॉनल विचारायचा, तुझ्या घरचा तो माणूस, त्याच्या शब्दांत ‘युअर मॅन’, त्याच्याकडे किती जमीन, बैल आहेत का. एकमेकांना कधी न पाहिलेली ही दोन माणसं माझ्या तोंडून तासन्‌तास बोलायला बघायची आणि मला कंटाळा यायचा. मग मी काटछाट करायचे. डॉनलने गवताच्या तीन जाती समजावून सांगितल्या की मी तात्यांना सांगायचे, गवत छान आहे. तात्यांनी दुष्काळातली एक लांबलचक गोष्ट सांगितली की मी डॉनलला म्हणायचे, ‘ही सेज इट वॉज ड्राय.’ मराठी मला सगळी कळायची, पण बोलताना मी आई-बाबांना इंग्रजीतच उत्तरं द्यायचे, आणि तात्यांशी दोन-तीन शब्दांच्या तुटक मराठीत भागवायचे. त्यामुळे माझं भाषांतर किती कच्चं आहे हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. पाण्याचं जे व्हायचं ते होऊ द्यायचं, हा निरोप मी तात्यांना दिलाच नाही. पहिल्यांदा विसरले म्हणून दिला नाही. नंतर का दिला नाही, ते पुढे येतंच.

त्या वर्षी आयर्लंडमध्ये पाऊस पडायचा थांबला. एप्रिल कोरडा गेला, मे त्याहून कोरडा. सरकारने सत्तरीपुढच्या लोकांना फिरायला जायची परवानगी दिली त्याच दिवशी तात्या टोपी घालून दारात उभे. डॉनलला मात्र डॉक्टरांनी सोडलं नाही. मी तात्यांना वरच्या तळ्यावर नेलं. काठाच्या कोमट पाण्यात हजारो काळे ठिपके, प्रत्येकाला वळवळणारी शेपटी. तात्या उकिडवे बसले. मग त्यांनी पाण्याच्या कडेला एक काडी रोवली. दुसऱ्या दिवशी पाणी काडीपासून वीतभर मागे सरकलेलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी काडी रोवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “ह्ये तळं मरतंय, पोरी. आनि पोटात पोरं हाईत त्येच्या.”

चर काढायची कल्पना त्यांचीच. कुरणाच्या वरच्या अंगाला ओढ्याचा एक फाटा होता, त्यात पाणी होतं. तिथून तळ्यापर्यंत साठ-सत्तर पावलं, आणि उतार जेमतेम. तात्यांनी पाण्याची बाटली आडवी धरून, तिच्यातल्या बुडबुड्यावरून तो उतार काढला. बाबांचं बागेतलं फावडं घेऊन ते रोज सकाळी, माझी शाळा चालू असताना, तिकडे जायचे आणि दुपारी मी जायचे. गवताचा थर आधी अलगद काढून उलटा रचायचा, मग खालची माती, मग दगड. मला इतकं काही शिकवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घरी आले की दणकून जेवायचे, आईला बाजरीची भाकरी फुगवून दाखवायचे, बाबांची थट्टा करायचे. मला डॉनलचे शब्द आठवत होते. रोज रात्री मी स्वतःला सांगायचे, उद्या सांगीन. पण सांगितलं असतं तर तात्या पुन्हा खिडकीशी जाऊन बसले असते. आणि मला असंही वाटायचं, की पाणी येण्यात वाईट ते काय? आठव्या दिवशी चरातून पाणी आलं. आधी माती ओली झाली, मग एक धार पुढे सरकत आली आणि तळ्यात पडली. तात्यांनी ते पाणी डोळ्यांना लावलं. खालच्या तळ्याकडे पुढच्या आठवड्यात वळू, म्हणाले. तळ्याखालच्या अंगाला त्यांनी गवताच्या ढेकळांचा छोटा बांध घातला आणि तीन दिवसांत वरचं तळं काठोकाठ भरलं. डॉनलला फोनवर मी सांगितलं, सगळं ग्रँड आहे, म्हणजे तिकडच्या बोलीत सगळं ठीक.

तळं भरल्यापासून पाचव्या दिवशी काठाशी ठिपके कमी दिसले. आठव्या दिवशी शोधावे लागले. मी पोटावर झोपून पाण्यात पाहत होते तेव्हा बोटाएवढी एक अळी दिसली. वाकड्या नांगीसारखे तिचे जबडे, आणि त्या जबड्यांत एक काळा ठिपका, हळूहळू पोकळ होत जाणारा. मग मला दुसरी दिसली, मग दिसतच गेल्या. पाणभुंग्यांच्या अळ्या. ओढ्याच्या पाण्याबरोबर आल्या होत्या, आमच्या चरातून. मी तात्यांना धरून आणलं. त्यांनी वाकून पाहिलं, आणि मग चराच्या तोंडाकडे पाहिलं. त्या दिवसानंतर तीन संध्याकाळी डॉनलने फोन केला आणि तीनही वेळा मी ग्रँड म्हणाले.

चौथ्या दिवशी डॉनल म्हणाला, शुक्रवारी वन्यजीव खात्याची बाई येणार आहे. रात्री तात्यांनी आई-बाबांना अळ्यांचं सगळं सांगितलं आणि घरात बसून बोलणं झालं. बाबा घाबरले होते. संरक्षित प्राणी, आपण परमिटवर, तात्यांचा व्हिसा सरकारने आपोआप वाढवून दिलेला. कुणाला काही बोलायची गरज नाही, चर कुणी काढला हे कोण बघायला आलंय, असं ते म्हणत राहिले. बाबा भित्रे नव्हते. परक्या देशात दहा कागदांवर सगळं घर उभं असलं की माणूस कसा विचार करतो, ते मला पुढे कळलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की त्या माणसाने आपल्याकडे कधी रिकामी ताटली पाठवली नाही, उद्या मी त्याच्या दारात जाणार. पोरीला सोबत द्या, मला त्याची भाषा येत नाही. मी अंथरुणात शिरले आणि घाबरून रडले. तात्यांना वाटत होतं की चूक अजाणता झाली. ती अजाणता झालेली नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

सकाळी तात्यांनी दाढी केली, बाबांचं चांगलं जाकीट घातलं, टोपी घातली. डॉनलच्या खिडकीपासून दोन मीटर लांब आम्ही उभे राहिलो. डॉनलने खिडकी वर सरकवली. डोक्यावर लोकरीची टोपी, गालांची हाडं वर आलेली. तात्यांनी हात जोडले आणि डॉनलने कपाळाला एक बोट लावलं. इतके आठवडे माझ्या तोंडून गप्पा मारणारी ती दोन माणसं एकमेकांना पहिल्यांदाच पाहत होती.

“त्येला सांग,” तात्या म्हणाले, “तुजं तळं म्या बिगाडलं. चर म्या काडला, पानी म्या आनलं. आमच्याकडं पानी म्हंजी जीव. हितं काय आसतं ते इचारायला पायजे हुतं. म्या इचारलं न्हाई.”

मी ते सगळं सांगितलं. त्या दिवशी एक शब्दही गाळला नाही. डॉनल खिडकीची चौकट धरून उभा राहिला. त्याचा श्वास मला बाहेर ऐकू येत होता. मग तो बोलला, पण तात्यांशी नाही, माझ्याशी. अगदी हळू.

“मी तुला सांगितलं होतं ना? पाण्याचं व्हायचं ते होऊ दे म्हणून. यांना सांगितलं नाहीस तू?”

“काय म्हनतोय?” तात्यांनी विचारलं.

मी काहीही सांगू शकले असते. काही हरकत नाही म्हणतोय, चहा घ्या म्हणतोय, असं काहीही खपलं असतं. त्या अंगणात ती दोन्ही वाक्यं कळणारी मी एकटी होते. चार वर्षं घरात इंग्रजीतून उत्तरं देणारी, तात्यांशीही तुटक शब्दांत भागवणारी मी तेव्हा सलग मराठीत बोलले.

“तात्या, त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. पाण्याला हात लावायचा नाही म्हणून. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही चर खणताना खूश होता, म्हणून नाही सांगितलं.”

तात्या माझ्याकडे बघत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. कुणीतरी खांद्यावरचं ओझं अचानक काढून घ्यावं आणि तोल जावा तसे ते दिसले. मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि खिडकीकडे वळले.

“त्येला सांग, पोर ल्हान हाय. म्हातारा खुळा हुता. आनि ह्ये बी सांग, की आत्ता तिनं खरं सांगितलं, झाकता आलं आसतं तरी.”

स्वतःविषयीचं हे वाक्य इंग्रजीत करताना मला रडू आवरलं नाही. डॉनलने रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाला, की शुक्रवारी त्या बाईशी तो स्वतः बोलेल. आणि युअर मॅनला विचार, म्हणाला, जे उघडलं ते बंद करता येईल का त्याला? तात्या म्हणाले, येईल.

शुक्रवारची ती बाई गोड बोलली नाही. गुडघाभर बूट घालून ती वरच्या तळ्यात उतरली, पुन्हा वर आली आणि आम्हाला खालच्या तळ्याकडे घेऊन गेली, जिथे तात्यांचं फावडं पोचायचं राहिलं होतं. ते तळं आटून परातीएवढं उरलं होतं. पाणी आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट, आणि ते अक्षरशः काळं होतं. प्रत्येक ठिपक्याला मागचे पाय फुटलेले. ती सांगत गेली आणि मी तात्यांसाठी मराठी करत गेले. हा प्राणी आटणारंच पाणी शोधतो. जे तळं आटतं त्यात भुंगे टिकत नाहीत, मासे टिकत नाहीत, मोठ्या बेडकांची पोरं टिकत नाहीत. आटणं हेच त्यांचं कुंपण. पाणी संपायच्या आत पाय फुटले पाहिजेत, अशी शर्यत; पाणी जितकं आटतं तितकं तापतं आणि तापतं तितकी ही पोरं लवकर वाढतात. काही वर्षं सगळी मरतात. वाळूत झोपलेली मोठी मंडळी पुढच्या वर्षी पुन्हा येतात. तात्या मान खाली घालून ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, चर बुजवा, बांध फोडा, आणि वरचं तळं पूर्ण कोरडं पडू द्या, म्हणजे भुंगे जातील. तक्रार वगैरे काही झाली नाही. बाबांनी मात्र पुढे दोन महिने टपालपेटी उघडताना श्वास रोखून धरला.

चर बुजवायला तात्यांना चार दिवस लागले. उलटं रचलेलं गवत त्यांनी एकेक तुकडा करून त्याच्याच जागी, मुळं खाली करून असं बसवलं, की पंधरा दिवसांनी मलासुद्धा ती रेघ सापडेना. बांध फोडायच्या वेळी ते थोडे थांबले. उभ्या जन्मात बांध घातले, एकही फोडला नाही, असं म्हणाले आणि पायाने ढेकूळ बाजूला केलं. जूनमध्ये खालच्या तळ्यातून नखाएवढे टोड बाहेर पडले, पाठीवर केसासारखी पिवळी रेघ घेऊन, आणि वाळूच्या दिशेने चालू लागले. पुतण्याने डॉनलला गाडीतून फाटकापर्यंत आणलं. तिथे तो काचेआडून आणि तात्या गवतात उभे राहून एकच दृश्य पाहत होते, आणि त्या दिवशी दोघांनाही माझी गरज लागली नाही. शरद ऋतूत तात्यांना विमान मिळालं. पुढच्या वसंतात वरच्या तळ्यात अंड्यांचे चार सर दिसले. ते मी फोनवर सांगितलं, मराठीत, तेव्हा तिकडून नुसतं ‘हां’ ऐकू आलं.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, वरचं तळं आटत होतं त्या दिवसांतलं. त्यातलं काही वाचणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी तात्या रोज जाऊन एका पालथ्या बादलीवर बसायचे आणि शाळा संपली की मी त्यांच्याशेजारी. ते माझ्यावर रागावले नव्हते, पण आमच्यात बोलणंही फार होत नव्हतं. तळ्याचं डबकं झालं, डबक्याचं ओंजळभर पाणी. शेवटच्या दुपारी ऊन होतं. त्या ओंजळीत दोन-चार अळ्या तडफडत होत्या आणि त्यांच्यामध्ये, कसा कोण जाणे, एकच काळा ठिपका उरला होता, पाय न फुटलेला. मी तात्यांना प्यायला पाण्याची बाटली दिली. त्यांनी झाकण काढलं. बाटली तोंडाकडे गेलीच नाही. हात आपोआप खाली, त्या पाण्यावर गेला आणि तिथेच थांबला. मी त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

“आटू दे,” तात्या म्हणाले, आणि त्यांनी माझा हात धरला.